मुर्ध्याची इंजिनवाली

१९८७ साली आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो आणि पुढच्या वर्षी मला मुर्धा गावातल्या शाळेत नोकरी लागली. माझ्या तिसरीच्या वर्गात संजना नावाची मुलगी होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती रोज उशिरा यायला लागली. कारण विचारलं की एकच सांगायची, आई इंजिन फिरवते. मला वाटलं, पोर थापा मारतेय. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले.

शाळेमागची वाट मिठागराच्या बांधावरून जायची. बांधाच्या टोकाला पत्र्याची शेड होती. आत काळ्या तेलानं माखलेलं, माझ्या कमरेइतकं उंच एक इंजिन होतं. त्याच्यापुढे लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली एक बाई हँडल धरून उभी होती. केस सुटलेले, उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुन्हा हँडल फिरवायला लागली. नमस्कार-चमत्काराला तिला वेळ नव्हता.

ती शेवंती. वय असेल अठ्ठावीस-तीस. नवरा धर्माजी खाडीत मासे मारायचा. ती ते भाईंदरच्या बाजारात विकायची आणि हंगामात याच मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायची. धर्माजीची होडी शिडावर आणि वल्ह्यावर चालायची. वारा पडला की तो मुर्ध्याच्या खाडीच्या तोंडाशी दोन-दोन तास अडकायचा. तोवर इंजिनाच्या होड्या माल उतरवून गेलेल्या असत, आणि शेवंतीच्या टोपलीतल्या बोंबलांना कोणी विचारत नसे. आपल्या होडीला इंजिन पाहिजे हे तिनं कधीपासून डोक्यात घेतलं होतं. सासरे ईश्वरबाबा म्हणायचे, धुरानं खाडी नासेल, मासा पळेल. धर्माजी काहीच म्हणायचा नाही.

हे इंजिन मिठागराच्या पंपाचं होतं. खाडीचं पाणी उचलून वाफ्यांत सोडायला वीस वर्षं ते चाललं होतं आणि ते चालवणारा महिपत, रायगडातल्या पोलादपूरकडचा माणूस, वीस वर्षं त्याच्याजवळच झोपला होता. आता मिठागर बंद झालं होतं, जमिनीवर बिल्डरचा फलक लागला होता, इंजिन वर्षभर थंड पडलं होतं. शेड रिकामी करायची म्हणून मालक गाडीतून आला, तेव्हा शेवंती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे भंगारात देण्यापरीस मला द्या.

मालक हसला. पण माणूस दिलदार असावा. म्हणाला, रविवारी येतो, तोवर तू स्वतःच्या हातानं चालू करून दाखव, मग घेऊन जा. महिपतनं हँडलला हात लावायचा नाही.

मी गेले तो गुरुवार होता.

महिपतकाका दाराशी उकिडवे बसून बघत होते. शेवंतीचं मनगट पहिल्याच दिवशी दुखावलं होतं, कारण इंजिनानं उलटा झटका मारला होता. त्यांनी मला सांगितलं की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, खालून वेढा घालायचा नसतो. वेढा घातला की झटक्याला हात सुटत नाही. ते हे तिला आधी सांगायला विसरले होते आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

मी बाहेरची, शिकलेली बाई, म्हणून मी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला. इंजिनात तेल पेटतं म्हणतात, तर ठिणगी कुठून येते? महिपतकाका एकदम खुलले. त्यांना वीस वर्षांत हे कोणी विचारलं नसावं.

"बाई, ठिणगी नाही, काडी नाही, काही नाही," ते म्हणाले. "सायकलचा पंप मारताना नळी गरम होते की नाही? तसंच. आत हवा कोंडायची आणि जोरानं दाबायची. इतकी दाबायची की ती निखाऱ्यासारखी तापते. मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. आपणहून पेटतं."

शेवंतीनं हँडल सोडलं आणि ती आमच्याजवळ आली. तीन दिवस ती चाक फिरवत होती, पण आत काय व्हायला पाहिजे ते तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिनं काकांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. काकांनी डिझेलचा डबा उघडला, एक लिटरचं माप भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"हे जड आहे का?"

"न्हाय."

"यात चार गडी आहेत. सकाळपासून सांजेपर्यंत वल्हं मारणारे."

शेवंती त्या मापाकडे बघत राहिली. मीसुद्धा वाकून बघितलं. फिकट पिवळं, उग्र वासाचं पातळ तेल. आमच्या घरी स्टोव्हला घासलेट असायचं, त्याचा भाऊच. मी जन्मभर ते नाक मुरडत ओतलं होतं. त्या क्षणी मात्र माझ्या अंगावर खरंच काटा आला. चार माणसं, दिवसभर, आणि एका हातात मावतात.

"तर मंग पेटत का न्हाय?" शेवंतीनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता. इतका वेळ ती ताकद लावत होती. आता ती विचार करायला लागली.

काकांना हात लावायची मनाई होती, बोलायची नव्हती. त्यांनी विचारलं, हवा कुठे कुठे असू शकते? सिलेंडरात पाहिजे ती. पण वर्षभर इंजिन बंद होतं. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल तर फवारा उडणारच नाही. शेवंतीनं पान्हा घेतला आणि नळीचा नट सैल केला. खालचा छोटा दांडा दाबत राहिली. नटातून फेस आला, बुडबुडे आले, फुसफुस झाली. ती दाबतच राहिली. मग बुडबुडे थांबले आणि डिझेलची सलग धार लागली. तिनं नट आवळला. पुढचा नट सैल केला. तिथंही तेच. अर्धा तास गेला. संजना माझ्या पदराला धरून उभी होती.

मग शेवंतीनं वरची छोटी पट्टी उचलली. ती उचलली की आतला दाब सुटतो आणि चाक हलकं फिरतं. अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून तिनं हँडल फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, आठ. चाकाला वेग आला. आतून फटक फटक असा कोरडा आवाज यायला लागला. काका उठून उभे राहिले. म्हणाले, फवारा पडतोय, ऐक. शेवंतीनं डाव्या हातानं पट्टी पाडली.

ठक.

शेड हादरली. मग पुन्हा, ठक. मग उसासा टाकल्यासारखं ते क्षणभर थांबलं, आणि मग ठक-ठक-ठक-ठक, पत्रे थरथरायला लागले, धुराड्यातून काळ्या धुराचा लोट गेला, बांधावरचे बगळे उडाले, आणि शेवंती हँडल हातात घेऊन दोन पावलं मागं सरली. तिचं तोंड उघडं होतं. ती काहीतरी म्हणत होती, ऐकू येत नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते धुरावर ढकललं.

रविवारी मालक आला तेव्हा तिनं हँडलच्या तिसऱ्या फेऱ्यात इंजिन चालू केलं. मालकानं शब्द पाळला. शिवाय डिझेलचा अर्धा भरलेला पिंपही देऊन गेला.

इंजिन आठ घोड्यांचं होतं. ही बातमी वर्गात पोचली तेव्हा सगळी मुलं घोडे बघायला गेली आणि हिरमुसून परत आली. मी फळ्यावर आठ घोडे काढले आणि त्यांच्या शेजारी एक डिझेलचा डबा. त्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडलंच नाही.

होडीत इंजिन बसवणं सोपं नव्हतं. उत्तनचा सुतार आला. मागच्या बाजूला पाण्यातल्या पंख्याचा दांडा बाहेर काढायला लाकडाला आरपार भोक पाडावं लागणार होतं. ती होडी ईश्वरबाबांनी तरुणपणी स्वतः बांधून घेतलेली. तिच्या बुडाला भोक पडताना बघवणार नाही म्हणून ते शेजारच्या राई गावात बहिणीकडे जाऊन बसले. भोकात दांडा बसला, भोवती चरबी लावलेली सुती दोरी ठासून भरली, पाणी आत येईना. धर्माजीनं सुकाणू सांभाळायचं आणि शेवंतीनं इंजिन, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, धर्माजीला त्या आवाजाची भीती वाटायची आणि तो इंजिनाकडे पाठ करूनच बसायचा.

पहिल्या फेरीला सगळं गाव काठावर. मीही होते. शेवंतीनं हँडल मारलं, पंखा फिरला, पाण्याला मागं फेस आला आणि होडी अशी सुटली की धर्माजी बसल्या जागी मागं कलंडला. भरती समोरून येत होती, वाराही समोरून. अशा वेळी मुर्ध्याची होडी काठाला बांधलेली असायची. ही होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून सरळ गेली. वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. मग आवाज मोठा झाला, ती परत आली, काठाकडे आली, आणि थांबेचना. पंपाचं इंजिन ते. त्याला मागं जायची सोयच नव्हती. शेवंतीनं डिझेल बंद केलं तोवर होडी चिखलात अर्धी चढली होती. शेवंती पालथी पडली, उठली, चिखलानं भरलेल्या तोंडानं हसत सुटली. काठावरची बायका-माणसंही हसायला लागली. मी मुंबईत जन्मले, मोटारी-आगगाड्या बघत वाढले. पण वेग ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर शेवंतीचे बोंबील भाईंदरच्या धक्क्यावर सगळ्यांत आधी पोचायला लागले. होडी सरळ धक्क्याला लावायची आणि टोपली उचलून पाच मिनिटांत बाजारात. दुपारी ती मोकळी. मोकळ्या वेळात ती इंजिन उघडायची. महिपतकाकांना तिनं आपल्या पडवीत जागा दिली होती. ते बाजेवर बसून सांगायचे, ती खोलायची. नोझल, रिंगा, पिस्टन, सगळं जुन्या गोणपाटावर ओळीनं मांडायची आणि पुन्हा बसवायची. बिघाड नसतानाही. मी एकदा कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, बिघाड व्हईल तवा समुद्रात कोनाला विचारू?

एक्याण्णव सालच्या सुरुवातीला आखातात लढाई पेटली. आमच्या घरी आम्ही ती बातम्यांत बघायचो. शेवंतीच्या घरी ती दुसऱ्या रस्त्यानं आली. हायवेवरच्या पंपावर ट्रकांची रांग लागली आणि कॅनमध्ये डिझेल मिळेनासं झालं. कुठल्या तरी लांबच्या वाळवंटात तोफा उडाल्या आणि मुर्ध्याच्या खाडीत एक होडी थांबली. हा धागा मी मुलांना नकाशावर दाखवला, पण मलाच तो नवीन होता.

ईश्वरबाबांनी शीड फेकू दिलं नव्हतं. ते त्यांनी माळ्यावरून काढलं, झटकलं आणि एक अक्षरही टोमणा न मारता होडीवर चढवलं. ते दोन महिने शेवंती सासऱ्याच्या हाताखाली शिकली. वारा कुठून घ्यायचा, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कुठल्या अंगानं निघायचं, कुठे पाणी आपणहून नेतं. जिथं पाणी नेतं तिथं इंजिन बंद. जिथं अडतं तिथंच चालू. लढाई संपली, डिझेल परत मिळायला लागलं, पण तिनं ही पद्धत सोडली नाही. पूर्वीच्या निम्म्या डिझेलमध्ये तिचं काम होऊ लागलं. ईश्वरबाबा मग इंजिनाला नाव ठेवीनासे झाले. एकदा तर मी त्यांना त्याच्यावर गोधडी पांघरताना बघितलं.

आता त्र्याण्णव सालच्या एका सकाळबद्दल सांगते, कारण तेव्हा मी होडीत होते.

माघातली अमावास्या नुकतीच झाली होती, उधाणाची भरती होती. रविवार असल्यानं मी हौसेनं शेवंतीबरोबर निघाले होते. मोठ्या खाडीत शिरलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. भरतीचं पाणी नदीसारखं आत धावत होतं. भाईंदरच्या रेतीबंदराजवळ आलो आणि काठावर लोक धावताना दिसले. रेतीनं भरलेला एक बार्ज धक्क्यापासून सुटला होता. त्याचा दोर तुटला होता, चढायची फळी पाण्यात पडली होती. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. त्याच्यावर रेती उतरवणाऱ्या तीन बायका आणि एक म्हातारा मुकादम होता, आणि तो भरतीबरोबर सरळ रेल्वेच्या पुलाकडे चालला होता. पुलाचे दगडी खांब समोर दिसत होते. पाणी त्यांच्यावर आपटून दोन्हीकडे फुटत होतं.

धर्माजीनं शेवंतीकडे बघितलं. ती आधीच डिझेलचा दांडा पुढं ढकलत होती.

आमची होडी बार्जच्या मानानं पाट्याशेजारी वाटी. मी म्हणाले, हा ओढला जायचा नाही. शेवंती ओरडली, थांबवायचा न्हाय बाई, कडंला सारायचा. नंतर तिनं मला समजावलं तेव्हा कळलं. पाण्याबरोबर वाहणारी वस्तू पाण्याशी भांडत नसते. तिला आडवं ओढलं तर ती हळूहळू सरकते. उत्तरेकडे चिखलाची उथळ पट्टी होती. तिथवर पोचला की बुड टेकेल.

आम्ही जवळ गेलो. धर्माजीनं जाड दोर फेकला. पहिल्यांदा पाण्यात पडला. दुसऱ्यांदा एका बाईनं झेलला, पण ती लांबच्या मुलखातली, तिला आमचं बोलणं कळेना. मुकादम घाबरून खाली बसला होता. शेवंतीनं इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "गाठ मत मारो! खुंटे को तीन बार लपेटो और पकडके रखो!" त्या बाईनं तसंच केलं. दोर ताणला, करकरला, होडी मागच्या बाजूनं इतकी खाली बसली की तिच्या कडेवरून पाणी आत आलं.

इंजिनाचा आवाज बदलला. ठकठक जाऊन एक जाड घरघर सुरू झाली. ते पूर्ण ताकदीला आलं होतं आणि शेवंतीनं दांडा हातानं आणखी पुढं दाबून धरला होता. इंजिन थंड ठेवणाऱ्या वरच्या टाकीतलं पाणी उकळायला लागलं. तिनं पायानं एक पत्र्याचा डबा माझ्याकडे लोटला. मी खाडीचं पाणी भरून टाकीत ओतायला लागले. वाफेनं चेहरा भाजत होता. भर, ओत, भर, ओत. पूल किती जवळ आलाय ते बघायचं धाडस मला झालं नाही. मी फक्त डबा बघत होते. धर्माजी सुकाणूवर पूर्ण अंग टाकून आडवा झाला होता. पुलावरून मालगाडी चालली होती. तिचा खडखडाट डोक्यावरून येतोय असं वाटलं तेव्हा मला कळलं की आपण खरंच जवळ आलोय.

मग बार्जचं तोंड वळलं. अगदी सावकाश, म्हैस मान वळवते तसं. शेवंती किंचाळली, "वळला!" आणि तिनं दांडा सोडला नाही. बार्ज तिरका झाला, तिरका सरकला, आणि पहिल्या खांबाच्या पन्नासेक पावलं अलीकडे एक लांब ओरखडा उमटल्यासारखा आवाज होऊन थांबला. चिखलात बसला. दोर सैल पडला. शेवंतीनं डिझेल बंद केलं.

तेवढी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. बार्जवरची ती दोर धरणारी बाई खाली बसली आणि तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. तिच्या तळव्यांची सालटी निघाली होती. काठावरून आरडाओरडा सुरू झाला. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. शेवंती वाकून इंजिनाच्या खाली हात घालून ऑइल गळतंय का बघत होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, आठच घोडे हायत बाई, पन ऐकतात.

पुढच्या आठवड्यात एका स्थानिक साप्ताहिकात बातमी आली. धर्माजी यांनी प्रसंगावधान राखून आपली यांत्रिक नौका चालवली, वगैरे. शेवंतीचं नाव नव्हतं. मी चिडले. शेवंतीला त्याचं काही नव्हतं. पण धर्माजी, जो चार माणसांत तोंड उघडत नसे, तो धुतलेला सदरा घालून माझ्या घरी आला आणि मला साप्ताहिकाच्या कचेरीत घेऊन गेला. संपादकासमोर उभा राहून म्हणाला, "इंजिन माझ्या बायकोचं हाय. मी नुसतं सुकानू धरतो. छापून टाका." पुढच्या अंकात छापलं. छोटं, पण चौकटीत.

महिपतकाका आदल्याच वर्षी पोलादपूरला परत गेले होते. शेवंती मुद्दाम एसटीनं जाऊन त्यांना सगळं सांगून आली. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, टाकीत किती डबे पाणी गेलं? तिला सांगता येईना. काका रागावले. इंजिन किती तापलं ते त्यावरूनच कळतं, म्हणाले. तिनं परत आल्यावर मला विचारलं. मलाही आठवेना.

त्या चौकटीनं तिचं आयुष्य वळवलं. राई, मोर्वा, उत्तन, कुठेही होडीचं इंजिन अडलं की माणूस मुर्ध्याला यायचा. मग होड्यांवरून ती जमिनीवर आली. मीरा रोडला आणि भाईंदर पूर्वेला तेव्हा बिल्डिंगी पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवत होत्या आणि वीज हवी तेव्हा जायची. मोठ्या सोसायट्यांनी लिफ्टसाठी जनरेटर बसवले, हाटकेशच्या छोट्या कारखान्यांनीही. सगळे डिझेलचे. इंद्रलोक भागातल्या एका बिल्डिंगमध्ये ती पहिल्यांदा गेली तेव्हा वॉचमननं तिला मासेवाल्यांना आत मनाई आहे असं सांगून बाहेर उभं केलं. आत पाचव्या-सहाव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये सेक्रेटरीच अडकले होते. शेवटी तिला आत घेतलं, तिनं जनरेटर चालू केला आणि वीस मिनिटांनी ते खाली आले. ते वॉचमनला काही बोलणार, तोच शेवंतीनं त्यांना डिझेलची गाळणी हातात देऊन दाखवली. तिच्यात बोटभर गाळ होता. तिनं त्यांना तिथंच सुनावलं की गाळणी दर महिन्याला साफ केली नाहीत तर पुढच्या वेळी रात्रभर अडकाल. सेक्रेटरींनी मान हलवली. पुढं त्या सोसायटीत तिला चहा मिळायचा, खुर्चीवर बसून.

संजनाला मात्र इंजिनाचा वास कधीच आवडला नाही. ती कॉमर्सला गेली. शेवंतीनं तिला एकदाही आग्रह केला नाही.

सत्त्याण्णव साली उत्तनच्या एका नाखव्यानं मोठी नवी बोट बांधली. सहा सिलेंडरचं इंजिन. पहिल्या दोन्ही फेऱ्यांना ते भर समुद्रात तापलं आणि त्याला परत फिरावं लागलं. धक्क्यावर आलं की सगळं ठीक. कारण सापडेना. शेवटी त्यानं शेवंतीला सांगितलं, तूच चल. बाई खोल समुद्रात जात नाही, असा त्या किनाऱ्याचा रिवाज. खलाशी कुरकुरले. शेवंतीनं धर्माजीकडे बघितलं. इतकी वर्षं इंजिनाजवळ बसून त्याचा एक कान गेला होता. तिनं दोनदा सांगितल्यावर त्याला समजलं. त्यानं तिची पान्ह्यांची पिशवी उचलून बोटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जमीन दिसेनाशी होऊन कितीतरी वेळ झाल्यावर, इंजिन तापलं. शेवंती खाली उतरली. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळीचं तोंड तिनं खोललं. वेग वाढला की पाण्याच्या ओढीनं आतला रबरी पाइप चिमटून बंद होत होता. धक्क्यावर वेग नसतो, म्हणून तिथं कळत नव्हतं. तो पातळ पाइप तिनं काढला, जाड पाइप बसवला, इंजिन पूर्ण वेगाला सोडलं आणि काट्यावर नजर ठेवून तासभर बसली. काटा हलला नाही. नाखव्यानं वरून हाक मारली.

ती वर आली तेव्हा सूर्य बुडायला आला होता. पश्चिमेला, पाण्याच्या रेषेवर, लांब लांब अंतरावर, लोखंडी मचाणं समुद्रात उभी होती. प्रत्येकाच्या एका बाजूला ज्योत जळत होती. वाऱ्यानं वाकायची, पुन्हा उभी राहायची. नाखव्यानं सांगितलं, समुद्राच्या तळाखालून तेल काढतात, ते इथं. त्याच्या माणसांनी ते अनेकदा बघितलं होतं. त्यांनी जाळ्याची तयारी सुरू केली. शेवंतीनं विचारलं, जवळ जाता येईल का? नाखवा म्हणाला, मनाई आहे, पहाऱ्याची बोट हुसकावून लावते. तरी तिच्यासाठी त्यानं जाता येईल तितकं पुढं नेलं. मचाणावर मुंग्यांसारखी माणसं हलताना दिसली. तिनं हात हलवला. त्यातल्या एकानं हलवला असं तिचं म्हणणं. बोटीवर कोणी मानलं नाही.

तिनं मला सांगितलं ते असं. पायाखाली इंजिन चाललेलं, त्याची थरथर पोटरीपर्यंत येत होती. समोर ज्योत. तिला एकदम वाटलं की आपण एका माणसाच्या घरी वीस वेळा जेवलोय आणि त्याचं शेत आज पहिल्यांदा बघतोय.

येताना नाखव्यानं इंजिन तिच्याच ताब्यात दिलं. चौथ्या दिवशी सकाळी बोट उत्तनच्या धक्क्याला लागली. मी संजनाबरोबर गेले होते. धर्माजी पहाटेपासून तिथं बसला होता. फळी अजून नीट टेकलीही नव्हती आणि शेवंती बोलायला लागली होती. धर्माजीला त्या गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं. ती फळीवरच थांबली, पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर उंच नेले आणि बोटं हलवून ज्योत दाखवली. मग हात खाली, खाली, पार गुडघ्यापर्यंत नेऊन समुद्राचा तळ, आणि त्याच्याही खाली. मागं खलाशी उतरायला खोळंबले होते. धर्माजी मान हलवत होता आणि पुन्हा दाखव म्हणून खुणावत होता.